एकाच पाणलोटातील जमिनींचे भेद

सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारांवर माथ्यापासून ओढ्यापर्यंत खडक बहुधा एकच, काळा बेसाल्ट. जमीन मात्र एक नसते. उघड्या माथ्यावर मुरमावर जेमतेम वीतभर माती असते. तिच्यात खडे व भरड कण अधिक, म्हणून पाणी झटकन जिरते आणि पावसाने ताण देताच पीक माना टाकते. झाडी राखलेली असेल तेथे पालापाचोळ्यामुळे स्थिती पुष्कळ बरी असते. उताराने धावणारे पाणी बारीक कण वाहून नेते व खडे मागे ठेवते. हे कण साचून पायथ्याशी खोल, चिकण काळी जमीन होते. ती ओलीने फुगते व पाणी फार सावकाश मुरवते. उन्हाळ्यात तिलाच रुंद भेगा पडतात.

हा भेद न पाहता सर्वत्र एकाच तऱ्हेचे बांध घालणे नुकसानीचे होय. मुरमाड जमिनीत समपातळी बांधामागील पाणी मुरून जाते. भारी काळ्या जमिनीत ते तुंबते, पिकाची मुळे कुजतात, आणि बांध फुटला तर त्याचा लोंढा खालच्या शेजाऱ्याचे बांधही नेतो. तेथे जादा पाणी संथपणे बाहेर काढणारे ढाळीचे बांधच घालावेत.

आखणीपूर्वी माथा, मधला उतार व पायथा येथे खड्डे खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे. ओल्या मातीची बोटांत वळी करून पाहावी. वळी न होता माती सुटली तर जमीन हलकी, लांब वळी झाली तर भारी समजावी. मधल्या उतारावर हा फरक थोड्याच अंतरात पडतो, म्हणून तेथे खड्डे अधिक घ्यावेत.