अस्थिसंधान : सुश्रुतोक्त काल आणि जनुकांची भाषा

तालमींच्या या करवीर नगरीत अस्थिभग्नाचे रुग्ण आपणांस नवे नाहीत. एका प्रौढ रुग्णाच्या नडगीच्या भग्नावर आम्ही लेप व कुशाबंध यांत चार महिने घालविले. क्ष-किरण चित्र उशिरा काढले, तेव्हा अस्थीची टोके जुळलेलीच नव्हती.

सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात संधान स्थिर होण्याचा काल प्रथम वयात १, मध्यम वयात २ व उत्तर वयात ३ महिने सांगितला आहे. ती मर्यादा आम्हीच ओलांडली होती.

वयानुसार हा भेद का, याचा काही उलगडा रेणुजीवशास्त्र करते. खनिजांश काढलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड बनते, हे १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखविले. त्यामागील ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’ ही प्रथिने मूलपेशींना अस्थिपेशी होण्याचा संदेश देतात. वयाबरोबर या पेशींचा प्रतिसाद मंदावतो. जनुकोपचारात प्रथिनाऐवजी त्याचे जनुकच, बहुधा निष्प्रभ केलेल्या विषाणूद्वारे, भग्नस्थानच्या पेशींत पोचवितात. मग प्रथिन तेथेच तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे साधले आहे. भग्नाच्या नित्य चिकित्सेत मात्र ते अद्याप आलेले नाही.

म्हणून कांडवेल वा लाक्षागुग्गुळ ‘जनुकांवर कार्य करतो’ असा दावा वैद्यांनी वा औषधालयचालकांनी करू नये. सुश्रुतोक्त काल उलटूनही भग्नस्थानी वेदना वा हालचाल उरल्यास रुग्णास विनाविलंब अस्थिशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. त्यात शास्त्राचा कमीपणा नाही. शास्त्राचेच पालन आहे.