वैद्यकीय शिक्षक प्रशिक्षण

वैद्यकीय शिक्षक प्रशिक्षण म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणाऱ्या डॉक्टरांना अध्यापनाची कौशल्ये देणारे प्रशिक्षण होय. निष्णात डॉक्टर हा चांगला शिक्षक असेलच असे नाही. अध्यापन हे स्वतंत्र कौशल्य असून ते शिकावे लागते, हा विचार यामागे आहे.

पार्श्वभूमी

शालेय शिक्षकांना डी.एड. किंवा बी.एड. करावे लागते, वैद्यकीय अध्यापकांची नेमणूक मात्र परंपरेने विषयातील पदव्युत्तर पदवीवर होत आली. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञ यांना एकत्र आणून या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला. भारतात १९७० च्या दशकात पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले.

रुग्णाजवळील अध्यापन

बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत शिकवण्यास मोजकी मिनिटे मिळतात. त्यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेत पाच टप्प्यांची एक पद्धत मांडण्यात आली :

१. विद्यार्थ्याला स्वतःचे मत मांडायला लावणे
२. त्यामागील कारणे विचारणे
३. एखादा सर्वसाधारण नियम शिकवणे
४. काय बरोबर होते ते नेमके सांगणे
५. चुका सुधारणे

उदाहरणार्थ, तीन आठवडे खोकला असलेल्या रुग्णाबाबत विद्यार्थी ‘क्षयरोग’ म्हणाला, तर शिक्षक ‘कशावरून?’ असे विचारतो. विद्यार्थ्याने ताप, वजनातील घट यांची चौकशी केली होती की केवळ अंदाज बांधला होता, हे त्यातून कळते. शिक्षकाने उत्तर लगेच सांगितल्यास विचारातील ही उणीव झाकली जाते आणि पुढे तिचा फटका रुग्णाला बसू शकतो.

भारतातील स्थिती

२०१९ पासून एमबीबीएससाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष कौशल्ये, संवाद व नीतिमत्ता यांवर भर असल्याने अध्यापकांच्या प्रशिक्षणाची गरज वाढली. महाविद्यालयांतील वैद्यकीय शिक्षण विभाग कार्यशाळा घेतात. मुंबईचे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय हे या क्षेत्रातील एक प्रमुख केंद्र आहे.

मर्यादा

रुग्णसेवेचा भार आणि वेळेची टंचाई यांमुळे कार्यशाळेत शिकलेले वॉर्डात उतरतेच असे नाही. त्यामुळे प्रशिक्षणानंतर सहकाऱ्यांनी अध्यापनाचे निरीक्षण करणे व विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेणे उपयुक्त मानले जाते.