गप्प बसण्याची किंमत
(लेखमाला : तक्रारीचं पुढे काय होतं? – भाग ६)

मागच्या भागात आपण तक्रार लेखी देऊन शिक्क्यासह पोच घेण्यापर्यंत आलो. आता समोरचा काही बोलतच नाही. अशा वेळी नुकसान कोणाचं होतं? माझ्या मते तक्रार-यंत्रणेचा खरा कस इथे लागतो.

व्यापाराचं उत्तर सरळ आहे. ग्राहक आयोगाची नोटीस मिळाली की कंपनीने ३० दिवसांत म्हणणं मांडायचं, फार तर आणखी १५ दिवस. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की ४५ दिवसांच्या पुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही. गप्प बसलेली कंपनी बाजू मांडायचा हक्कच गमावते. अर्थात निकालाला पुढे किती तारखा लागतात, तो निराळा रडका विषय.

वाहिन्यांचं थोडं गमतीचं आहे. २०२१ च्या केबल नियमांनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यायचा. नाही दिला, तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे दाद मागता येते. मुदती कडक, पण दंड? वृत्तवाहिन्यांच्या संस्थेचा कमाल दंड १ लाख रुपये होता, आणि तो पुरेसा नाही हे सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ मध्ये सुनावलं. प्राइम टाइमच्या जाहिरातींपुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर. तरी २००९ मध्ये तेवढ्याच दंडावरून इंडिया टीव्ही रुसून संघटनेबाहेर पडलं होतं! पुढे परतलं, ते सोडा.

पोलिसांकडे मात्र सगळं उलटं. दखलपात्र गुन्हा सांगायला गेलेल्या माणसाची ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) घेऊन बोळवण होते, नाहीतर ‘अर्ज ठेवून जा, चौकशी करतो’ असं ऐकायला मिळतं. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालानंतर दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. नाही नोंदवला, तर? तर तुम्ही टपालाने पोलीस अधीक्षकांना कळवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. म्हणजे गप्प बसलं ठाणं आणि खेटे घालायचे तक्रारदाराने.

तक्रार खुद्द पोलिसांविरुद्ध असेल तर तिच्यासाठी निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असंही बजावलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला खरा, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभाग धरला. गडचिरोली नागपूर विभागात येतं. अंतर एसटीच्या तासांत मोजावं. दुसरी पळवाट जास्त बारीक आहे. राज्य प्राधिकरणाचा अहवाल सरकारला ‘अपवादात्मक’ प्रकरणात फेटाळता येतो. अपवाद कुठला, हे ठरवणार सरकारच.

फेटाळायची कारणं मात्र लेखी नोंदवावी लागतात. कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारींत अहवालाच्या पुढे फाइल थांबली असेल, तर हीच कारणं माहितीच्या अधिकारात मागा. तो अर्ज नेमका कसा लिहायचा, ते पुढच्या आठवड्यात.