आवाज नसलेल्यांचे गाणे

आपल्याच मुलखात फोन उचलावा, आपल्याच भाषेत नंबर विचारावा आणि पलीकडून इंग्रजीत बोला असा हुकूम यावा! वेल्सच्या कवयित्री मेना एल्विन यांची एक गाजलेली कविता याच अपमानातून जन्मली. टेलिफोन कंपनीला उद्देशून लिहिलेल्या या कवितेच्या शीर्षकातच ती आवाज नसलेल्याचे गाणे असल्याचे म्हटले आहे. ‘मूकनायक’ हे नाव उराशी जपणाऱ्या आम्हाला हे शब्द परके कसे वाटतील?

हा अपमान जुना आहे. १५३६च्या कायद्याने वेल्सच्या न्यायालयांत इंग्रजी लादली गेली. १९व्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवीत. दुसरा कुणी वेल्श बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात जाई. शेवटी ज्याच्याकडे ती उरे, त्याला शिक्षा! पोरांनीच पोरांना पकडून द्यायचे. गुलामी टिकवण्याची ही जुनीच रीत आहे. भाषेची अवहेलना आणि जातीची अवहेलना एक नव्हे, हे आम्ही जाणतो. पण मनात न्यूनगंड पेरण्याची युक्ती दोन्हीकडे तीच.

१९६२ साली वेल्श भाषेसाठी चळवळ करणारी संघटना उभी राहिली. धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या एल्विन या लढ्यात उतरल्या आणि तुरुंगातही गेल्या. नुसती कविता लिहून त्या थांबल्या नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. अशा अनेकांच्या लढ्यामुळे १९९३ साली सार्वजनिक कारभारात वेल्शला इंग्रजीच्या बरोबरीची वागणूक आणि २०११ साली अधिकृत दर्जा देणारे कायदे झाले.

अनुवादाने मूळ भाषा झाकोळते, असा आक्षेप वेल्समध्ये घेतला जातो. एल्विन यांनी वेगळी वाट धरली. कविता वेल्शमध्येच लिहायची आणि इंग्रजी अनुवाद इतर कवींनी करायचा. १९९५च्या ‘युकॅलिप्टस’ या संग्रहात दोन्ही भाषा एकत्र आल्या. फोनवरच्या त्या कवितेचा अनुवाद आर. एस. थॉमस यांनी केला. इंग्रजीत लिहिणाऱ्या या थोर कवीने वेल्श मोठेपणी शिकून घेतली होती.

२०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्केच भरले. कायद्याने कचेरीत मान मिळतो. घरात भाषा जिवंत ठेवायला स्वाभिमान लागतो. एल्विन यांची कविता तो स्वाभिमान जागवते, म्हणून ती आम्हाला आपली वाटते.