तळ्यातला गाळ आणि पेंग्विनांची मोजदाद

एखाद्या बेटावर पाच हजार वर्षांपूर्वी पेंग्विन किती होते, हे आज कसं कळणार? मोजायला तेव्हा तिथे माणूसच नव्हता. पण पक्ष्यांची विष्ठा होती, आणि तिची नोंद गाळात राहिली.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ, किंग जॉर्ज बेटाला लागून आर्डली नावाचं छोटं बेट आहे. तिथे जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. हे पक्षी क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव, खातात. क्रिलच्या कवचात फ्लोरिन भरपूर असतं. त्यामुळे विष्ठेत फॉस्फरस, फ्लोरिन, जस्त, तांबं अशी मूलद्रव्यं एकत्र सापडतात. बर्फ वितळलं की ती पाण्याबरोबर तळ्यात उतरतात आणि गाळात थरावर थर साचतो. थराचं वय रेडिओकार्बन पद्धतीने काढता येतं. २००० साली लिगुआंग सुन आणि सहकाऱ्यांनी अशाच खुणांवरून ३,००० वर्षांतले चढउतार मांडले आणि त्यांचा संबंध हवामानाशी जोडला.

आता तुम्ही म्हणाल, जस्त-तांबं तर खडकातूनही येतं. शंका रास्त आहे. म्हणून शेजारच्या, पेंग्विन नसलेल्या यानोऊ तळ्यातला गाळही तपासला गेला. खडकाचा वाटा तिथे दिसतो, त्यामुळे विष्ठेचा वाटा वेगळा काढता येतो. अर्थात, यातून डोकी मोजली जात नाहीत. वसाहत वाढली की घटली, एवढंच कळतं.

२०१७ साली स्टीफन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ही नोंद ८,५०० वर्षं मागे नेली. पहिली टिकाऊ वसाहत सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीची निघाली. त्यानंतर पाच वेळा ती भरभराटीला आली. पण या चढउतारांचा तापमानाशी किंवा समुद्री बर्फाशी कायमचा मेळ बसेना. मेळ बसला तो राखेच्या थरांशी. सुमारे १२० किलोमीटरवरच्या डिसेप्शन बेटावरच्या ज्वालामुखीच्या मोठ्या उद्रेकांनी किमान तीनदा वसाहत जवळजवळ संपवली. सावरायला सरासरी ४०० ते ८०० वर्षं लागली.

हा आकडा आपण लक्षात ठेवायला हवा. पेंग्विनांची प्रत्यक्ष मोजणी काही दशकांचीच आहे. एखादी वसाहत घटली की आपण लगेच हवामानाकडे बोट दाखवतो. ते कारण खरंही असेल. पण दुसरी कारणं तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. आणि उजाड झालेली वसाहत आपल्या हयातीत पुन्हा भरेल, असंही गृहीत धरता येत नाही.