‘हातकणंगले’ लिहून हातकणंगले सापडत नाही तेव्हा

‘आपल्या तालुक्याची माहिती काढ’ म्हटलं की मूल पहिला दुवा उघडून वहीत उतरवतं. त्यापेक्षा नेमका प्रश्न द्या: सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडं काय पिकायचं? मुंबई प्रांताच्या गॅझेटिअरचा 1886 चा कोल्हापूर खंड इंटरनेटवर आहे. पण त्यात हातकणंगले तालुका शोधून उपयोग नाही. तेव्हा इथला पेटा, म्हणजे तालुका, आळत्याच्या नावानं होता. रामलिंगाच्या देवळामुळं ते गाव पोरांना ठाऊक असतंच, फक्त शोधायला सुचत नाही.

निवडणुकांचंही तेच. हातकणंगले लोकसभा मतदारसंघात पहिलं मतदान 2009 मध्ये झालं. 2004 चा निकाल हवा तर ‘इचलकरंजी’ लिहावं लागतं. काळ बदलला की शोधायचा शब्द बदलतो, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

बाकी युक्त्या दहा मिनिटांच्या. सलग शब्द तसेच हवे असतील तर अवतरणचिन्हांत टाका. ‘हुपरी चांदी’ला चांदीच्या दरांचीच पानं आली, तर पुढं ‘-दर’ जोडा. वजाचं चिन्ह शब्दाला चिकटून हवं. ‘प्रायोजित’ लिहिलेला निकाल म्हणजे जाहिरात. वर तयार येणारं एआयचं उत्तर तर मूळ पान उघडल्याशिवाय वहीत घेऊच देऊ नका.

मराठी विकिपीडियात कुणीही बदल करू शकतो, पण ‘इतिहास’ दाबला की कोणता बदल कधी झाला ते दिसतं. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे आणि बहुतेक नोंदींखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं.