उन्हाळ्यांत टिनाच्या शेडमधील फ्रीझर

काटोल तालुक्यांतील पुष्कळ बागाईतदारांच्या घरीं आतां फ्रीझर आलेला आहे. हिवाळ्यांतील मटार, उन्हाळ्यांतील आमरस, घरचा खवा व पनीर, कोठें मांस-मासळी, असा माल त्यांत महिनेच्या महिने राहतो. पेटी मोठी असल्यामुळें ती स्वयंपाकघरांत मावत नाहीं आणि मोटार व ट्रॅक्टर ठेवण्याच्या टिनाच्या शेडमध्यें तिची रवानगी होते. जानेवारींत ती तेथें विनातक्रार चालते. मे महिना उजाडला कीं यंत्र रात्रंदिवस घरघरत राहतें, विजेचें बिल वाढतें आणि एखादे दिवशीं झांकण उघडावें तों माल मऊ पडलेला आढळतो. अशा वेळीं दोष यंत्रास दिला जातो. पुष्कळदां तो जागेचा असतो. आणि जागा सुधारणें शेतकऱ्याच्या हातचें आहे.

फ्रीझर थंडी उत्पन्न करीत नाहीं, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. तो पेटींतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरींतून पाणी उपसण्यासारखेंच हें काम आहे. पाणी जितकें खोल, तितके श्रम अधिक. पेटीच्या आंत शून्याखालीं १८ अंश सेंटिग्रेड राखावयाचे असतात. बाहेर ३२ अंश असतील तर उपसा ५० अंशांचा, आणि शेडमध्यें ४८ अंश झाले तर तो ६६ अंशांचा होतो. शिवाय बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी पेटीच्या भिंतींतून आंत झिरपणारी उष्णताही अधिक. म्हणजे विहीर खोल गेली आणि उपसावयाचें पाणीही वाढलें. या दोन्ही वाढींचा गुणाकार केला तर अगदीं निर्दोष यंत्रासही सुमारें पावणेदोनपट वीज लागते, असें गणित येतें.

यंत्राच्या सहनशक्तीसही मर्यादा आहे. पेटीस लावलेल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. ‘एन’ वर्गाचें यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या, ‘एसटी’ वर्गाचें ३८ अंशांपर्यंतच्या आणि ‘टी’ वर्गाचें ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठीं बनविलेलें असतें. नागपुरास २०१३ च्या मे महिन्यांत सावलींतील उष्णतामान ४७.९ अंशांवर गेलें होतें. उन्हांतील पत्र्याखालीं तर हवा त्याहूनही तापते. तेव्हां पेटी विकत घेतांना ‘टी’ वर्ग अवश्य पाहावा, परंतु तेवढ्यावर विसंबून राहूं नये.

पहिला उपाय शेडचा. शक्य असल्यास पेटी कौलारू छपराच्या व जाड भिंतींच्या खोलींत हलवावी. शेडवांचून गत्यंतर नसेल तर छपरास बाहेरून चुन्याचा दाट पांढरा हात द्यावा, आणि पत्र्याखालीं वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचें छत बांधावें. मधल्या पोकळींतून व भिंतीच्या माथ्याशीं वारा खेळता ठेवावा. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. पेटी तिच्यापाशीं ठेवूं नये. शेतांतून आलेला ट्रॅक्टर इंजिन निवेपर्यंत बाहेरच उभा करावा. पेट्रोलचे डबे त्या खोलींत मुळींच असूं नयेत, कारण यंत्र चालू होतांना ठिणगी पडण्याचा संभव असतो. फवारणीचीं औषधेंही खाद्यमालाजवळ ठेवूं नयेत.

पेटी थंड राहावी म्हणून तिच्यावर गोणपाट, ताडपत्री किंवा जुनी गोधडी घालण्याची चाल कोठें कोठें आहे. ती घातक आहे. बहुतेक आडव्या पेट्यांच्या बाहेरील पत्र्यामागेंच उष्णता सोडणारी नळी असते. म्हणून त्यांच्या बाजू हातास गरम लागतात. त्या झांकल्या तर उपसलेली उष्णता पुन्हां आंत वळते. चारी बाजूंस सुमारें १५ सेंटिमीटर जागा मोकळी असावी, आणि नळीची जाळी मागें उघडी असल्यास तिच्यावरील धूळ व जाळीं दर महिन्यास झाडावीं.

शेतीपंपांच्या वाहिनीवर वीज ठराविक तासच मिळते. म्हणून फ्रीझर घरगुती जोडणीवरच चालवावा. दाब कमी पडत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावावा आणि अर्थिंग तपासून घ्यावें. वीज जाऊन लगेच आली तर यंत्र चालू होण्यापूर्वीं तीन ते पांच मिनिटें जाऊं देणें हिताचें असतें.

माल भरण्यांतही विचार हवा. ३५ अंशांचें एक किलो पाणी शून्यापर्यंत निवविण्यास ३५ उष्मांक, त्याचें बर्फ करण्यास ८०, आणि तें बर्फ आणखी १८ अंश उतरविण्यास ९ उष्मांक काढावे लागतात. भाजीपाला, दूध व रस यांत बहुतांशीं पाणीच असल्यामुळें ताज्या मालाचा भार किती, हें यावरून कळेल. म्हणून माल आधीं निववून, चपट्या पुड्या करून, थोडा थोडा आणि रात्रीं भरावा. ऊन खवा कधींही घालूं नये.

रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनीं भरावी; बर्फ होतांना पाणी सुमारें नऊ टक्के फुगतें, म्हणून बाटली कांठोकांठ भरूं नये. साधारण खोलींत भरलेली पेटी झांकण न उघडल्यास वीज गेल्यावर सुमारें दोन दिवस व अर्धी भरलेली सुमारें एक दिवस माल गोठलेला ठेवते. तापलेल्या शेडमध्यें हा अवधि कमी धरावा. घर बंद ठेवून बाहेरगांवीं जावयाचें असल्यास वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणें ठेवावें. परत आल्यावर नाणें तळाशीं गेलेलें दिसलें तर मधल्या काळांत पेटी वितळली होती हें समजावें, आणि मांस, मासळी व दुधाचे पदार्थ टाकून द्यावेत.

दोन वस्तु फ्रीझरमध्यें ठेवूं नयेत. एक, जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची लस; ती २ ते ८ अंशांत ठेवावयाची असते व गोठली तर निरुपयोगी होते. दुसरी वस्तु म्हणजे आपलीं संत्रीं. तीं गोठलीं कीं आंतील रसाच्या पिशव्या फुटतात आणि वितळल्यावर फळ पाणचट होतें. नागपुरी संत्र्यास ६ ते ७ अंशांची दमट थंडी मानवते. मृग बहाराचीं फळें उन्हाळ्याच्या तोंडीं हातीं येतात. तीं थोडे दिवस टिकविण्यास नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेनें १९८० नंतरच्या दशकांत पुढें आणलेली विजेवांचूनची शीतकोठी उपयोगी पडते. विटांच्या दोन भिंतींमध्यें सुमारें साडेसात सेंटिमीटर वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवावयाची, इतकीच तिची रचना. कोरड्या उन्हाळ्यांत ती चांगली काम देते. पावसाळ्याच्या दमट हवेंत तिचा गुण उतरतो.

होळीच्या सुमारास शेडमध्यें पेटीजवळ एक साधा उष्णतामापक टांगावा आणि दुपारीं तीन वाजतां तो रोज पाहावा. पारा ४३ अंशांकडे सरकूं लागला कीं चुना, छत व वारा यांची व्यवस्था त्याच आठवड्यांत करावी. एवढ्यानेंही तो उतरत नसेल, तर मे महिना येण्यापूर्वीं पेटीची जागा बदलावी.